22 जणांसाठी टाकलेला व्हिडिओ: कोपरखैरण्यातलं एक प्रकरण

मी नवी मुंबईतल्या एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून बसते. हे प्रकरण वेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं. त्यातल्या मुलाचं नाव बदललं आहे, घर ओळखू येईल असे दोन-तीन तपशीलही. मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी लिहायला हरकत घेतली नाही. वडिलांची एकच अट होती, गावाचं नाव यायला नको. ते आलेलं नाही.

पार्श्वभूमी

ओंकार तेव्हा नववीत होता, वय 15. वडील तुर्भ्याच्या भाजी मार्केटमध्ये माथाडी. रात्री 2 ला उठायचं, अडीचला घराबाहेर पडायचं, सकाळी 11 च्या सुमारास परत यायचं, जेवून झोपायचं. आई शेजारणीबरोबर पोळी-भाजी केंद्र चालवते, तिचा दिवस पहाटे 5 ला सुरू होतो. मोठी बहीण कॉलेजला. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच घर. चार माणसांच्या त्या घरात एकटं असं कुणाला मिळतच नाही. बाथरूमची कडी लावल्यावर मिळेल तेवढंच.

सातवीपर्यंत तो शाळेच्या कबड्डी संघात होता. गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. अभ्यासात मधला. वर्गात त्याची अशी वेगळी ओळख उरली नव्हती, ती त्याला पुन्हा मिळाली भलत्याच कलेमुळे: तोंडातून वाफेचं कडं सोडायचं आणि त्यातून दुसरं, लहान कडं पार करायचं.

सुरुवात दिवाळीच्या सुट्टीत झाली. एका मित्राच्या वाढदिवसाला गच्चीवर कुणाच्या तरी मोठ्या भावाने पॉड पुढे केला. पोरं वेपला पॉडच म्हणतात. आंब्याचा स्वाद, वर गारवा. सिगारेटसारखा ठसका नाही, कपड्यांना वास नाही. पुढच्या आठवड्यात इन्स्टावर त्याला वाफेच्या करामतींच्या रील दिसायला लागल्या. त्याखाली एका फळाच्या नावाचं अकाउंट कमेंट करायचं, त्याच्या बायोमध्ये टेलिग्रामची लिंक. तिथे फोटो, फ्लेवर, दर. क्यूआर कोडवर पैसे टाकायचे, पार्सल दुचाकीवरून येतं. आणणाऱ्या पोराला आत काय आहे याचा पत्ताही नसतो. एक डिस्पोजेबल, म्हणजे संपला की फेकून द्यायचा पॉड, 1,600 रुपयांना पडायचा. चौघे जण 400-400 काढत, ऑर्डर ओंकार टाकी. हिशेब त्याच्याकडे, पार्सल घेणं त्याच्याकडे, लपवणंही त्याच्याकडे.

भारतात ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे. उत्पादन, आयात, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात, सगळ्यावर. साठवणीची शिक्षा कमी आहे, बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या ओढणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. ओंकार ओढणारा होता, पण चौघांसाठी मागवणाराही होता. पुढची आमची सगळी अडचण त्या शेवटच्या ‘ही’मध्ये अडकलेली होती.

काय घडलं

जानेवारीतल्या एका गुरुवारी रात्री त्याने कड्यांचा व्हिडिओ स्टोरीला टाकला. सगळ्यांना दिसेल असा नाही, क्लोज फ्रेंड्सना, हिरव्या वर्तुळातल्या 22 जणांना. 24 तासांत तो आपोआप जाणार होता. त्या 22 मधल्या कुणीतरी स्क्रीन रेकॉर्डिंग केलं. स्टोरीचं रेकॉर्डिंग झालं तरी टाकणाऱ्याला कळत नाही. शुक्रवारी दुपारी व्हिडिओ नववीच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता, संध्याकाळी आसपासच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर. वर ओळ होती: ‘आपल्याच शाळेतली मुलं एमडी घेताना. सावध राहा.’

एमडी म्हणजे मेफेड्रोन. पांढरी पूड, 2015 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेली. व्हिडिओत पूड नव्हतीच. पण एमडी हा शब्द एकदा वर लिहिला की खालचं नीट कोण बघतो? चेहरा मात्र स्वच्छ दिसत होता, शाळेचा स्वेटर पण.

शनिवारी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये त्याचं दप्तर तपासलं गेलं. कंपास पेटीत, कर्कटकाशेजारी, हायलायटरसारखी दिसणारी फिकट हिरवी नळी निघाली. मला बोलावलं तेव्हा ती टेबलावर पेपरवेटच्या बाजूला ठेवली होती आणि तीन मोठी माणसं तिच्याकडे साप बघावा तशी बघत होती. सोमवारी निर्णय घ्यायचा असं ठरलं.

पहिलं बोलणं

सुरुवातीलाच त्याला सांगून टाकलं: तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी सांगणार, बाकी तू जे बोलशील ते तुला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही. तो वीस मिनिटं गप्प. मग मी विचारलं, लहान कडं मोठ्या कड्यातून जातं कसं? तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. जीभ कशी मागे घ्यायची, गालाला टिचकी कशी मारायची, पंखा का बंद हवा. दोन महिने सराव केला होता म्हणे.

किशोरवयीनांसाठी सहा प्रश्नांची एक चाचणी आहे, क्राफ्ट नावाची. एकटा असताना घेतोस का, ताण घालवायला घेतोस का, मित्र किंवा घरचे कमी कर म्हणतात का, असे तिचे प्रश्न. दोन ‘हो’ आले तरी पुढे नीट तपासायला हवं असं मानतात. ओंकारचे चार आले. एकटेपणाच्या प्रश्नावर तो हसला. ‘एकटा? आमच्या घरात?’ मग थांबून म्हणाला, ‘पप्पा गेल्यावर.’

अडीचला दाराची कडी वाजते, त्या आवाजाने त्याला जाग येते. वडील गेले की तो बाथरूममध्ये जातो, एक्झॉस्ट लावतो, आणि पहिला झुरका तिथेच. जाग आल्यावर पाच मिनिटांच्या आत. निकोटिनचं अवलंबित्व मोजताना हाच प्रश्न सर्वात जास्त वजनाचा धरतात, उठल्यापासून किती वेळात पहिला. वर्गातल्या कौतुकासाठी सुरू झालेली गोष्ट तिथे, कुणी बघत नसताना, दुसरंच काहीतरी झाली होती. आईला पहाटे आंब्याचा वास यायचा. तिला वाटायचं, लेकीने कसलातरी नवा बॉडी वॉश आणलाय.

नळीवर 5% लिहिलं होतं. ‘फक्त पाचच टक्के आहे, मॅडम.’ 5 टक्के म्हणजे एका मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम निकोटिन. युरोपीय संघात जिथे वेप विकायला परवानगी आहे, तिथे कमाल मर्यादा 20 आहे. हे मी त्याला वहीच्या मागच्या पानावर गणित मांडून दाखवलं. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला.

समोर कोणते पर्याय होते

शाळेच्या व्यवस्थापनातल्या दोघांचं म्हणणं, दाखला हातात द्या. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला काढता येत नाही, हा नववीतला, त्यामुळे ते संरक्षण त्याला नव्हतं. शाळेची बाजूही समजण्यासारखी होती, गेटवर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा फलक आणि फोनवर रोज पन्नास पालक. माझं म्हणणं एवढंच होतं की दाखला दिल्याने व्हिडिओ थांबणार नाही, उलट ‘एमडी’वर शाळेचा शिक्का बसेल.

पोलिसात जायचं का, हा प्रश्न जास्त अवघड होता. एका शिक्षकांनी 1933 वर फोन लावायचं सुचवलं. तो क्रमांक अमली पदार्थांच्या माहितीसाठी आहे, आणि इथे निकोटिन होतं. विकणाऱ्याची तक्रार मात्र व्हायला हवी होती, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. पण तक्रारीत पहिला साक्षीदार ओंकारच, आणि त्याच्याच फोनमध्ये चौघांच्या ऑर्डरचा हिशेब. विकत घेणारा मुलगा आणि वाटणारा मुलगा यांत तपास करणारा माणूस फरक कसा करेल, याची खात्री मला देता येईना.

नातेवाइकांतून एका ‘केंद्रा’चा सल्ला आला, जिथले लोक घरी येऊन उचलून नेतात. हे मी तिथल्या तिथे खोडलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे 18 खालच्या मुलाला दाखल करणं हा अपवाद आहे. त्याआधी डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं, पालकाने किंवा त्यांच्या माणसाने सोबत राहावं लागतं. आणि दोन-तीन महिन्यांच्या वेपसाठी भरती करण्याची गरजही नव्हती.

वडिलांचा पर्याय आमच्या या पट्ट्यातल्या निम्म्या घरांचा असतो. ‘गावाकडं धाडतो, मॅडम. चुलत्याच्या हाताखाली राहील, सरळ हुईल.’ मी हा पर्याय हसण्यावारी नेला नाही. त्या चौघांपासून आणि ऑर्डरच्या कामापासून तो लांब गेला असता, हे खरं. पण नववीचं वर्ष जानेवारीत मोडायचं, आणि फोन तर गावालाही चालतो. शिवाय गावात तोच व्हिडिओ आधी पोचलेला असण्याची भीती होतीच.

शेवटी ठरलं ते असं: मुलगा शाळेत राहील, आठवडाभर वर्गाऐवजी माझ्या खोलीत बसेल, उपचार बाह्यरुग्ण पद्धतीने होतील, आणि बाकीच्या तिघांची नावं त्याच्याकडून काढून घेतली जाणार नाहीत. या शेवटच्या मुद्द्यावर मुख्याध्यापकांशी माझा तासभर वाद झाला. नावं सांगितली असती तर तो वर्गात खबऱ्या ठरला असता आणि बाकीचे तिघे कधीच माझ्या दारात आले नसते. त्याऐवजी नववीच्या सगळ्या तुकड्यांसाठी एक तास घेतला, ओंकारचा उल्लेखही न करता. त्या तिघांतले दोघे पुढच्या पंधरवड्यात आपणहून आले.

फोनचा निर्णय, जो माझा चुकला

फोन काढून घ्या, हे मीच आईला सांगितलं. पुरवठा फोनवरून होतो, तर फोन बंद केला की पुरवठा बंद, असा माझा सरळ हिशेब.

अकरा दिवस फोन कपाटात होता. त्या अकरा दिवसांत ओंकारने बहिणीचा जुना, सिम नसलेला फोन शोधला, शेजाऱ्यांच्या वायफायवर नवं अकाउंट उघडलं आणि दोन ऑर्डर टाकल्या. आधी तो मला चॅट दाखवायचा, आता दाखवायला काही उरलंच नाही. त्यात आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानातही आली नव्हती. स्नॅपचॅटवर त्याची 214 दिवसांची स्ट्रीक होती, म्हणजे रोज एकमेकांना फोटो पाठवण्याची न तुटलेली साखळी, ती तुटली. मला वाटलं वेपवाल्या टोळक्यातल्याच कुणाबरोबरची असेल. ती होती कबड्डीच्या जुन्या कॅप्टनबरोबर, जो आता पनवेलला राहायला गेला आहे. रोज सकाळी एक फोटो, बहुतेक वेळा बुटांचा. त्याच्या आयुष्यातला वेपशी काडीचा संबंध नसलेला एक धागा मी कापला होता.

बाराव्या दिवशी फोन परत दिला आणि वहीच्या पानावर करार लिहिला. रात्री 10 नंतर फोन फ्रिजवर चार्जिंगला. इन्स्टावर त्याने आपलं वय 24 टाकलं होतं, त्यामुळे किशोरवयीनांच्या अकाउंटला आपोआप लागणारी बंधनं त्याला लागूच नव्हती. जन्मतारीख दुरुस्त केली. सुचवलेल्या गोष्टी रीसेट केल्या. त्या फळाच्या अकाउंटची तक्रार आम्ही दोघांनी मिळून केली. चार दिवसांत ते गेलं, आणि आठवड्याभरात शेवटी एक अंडरस्कोअर लावून परत आलं. ओंकार म्हणाला, ‘सांगितलं होतं ना.’

अकाउंटचं नाव, टेलिग्रामची लिंक आणि क्यूआर कोडचा फोटो शाळेच्या लेटरहेडवर पोलीस ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे दिला. प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी असतो, हे खुद्द शाळेलाच माहीत नव्हतं. कोणत्याही मुलाचं नाव त्यात घातलं नाही. अर्जाची पोच मिळाली.

उपचार

‘ठाण्याला न्यायचं का त्याला?’ वडिलांनी हलक्या आवाजात विचारलं. ठाण्यात 1901 पासून मनोरुग्णालय आहे आणि मराठीत ‘ठाण्याला नेणं’ याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ठाणेकरांनाही तो चुकलेला नाही. मी म्हटलं, दादा, जवळच्या महापालिका रुग्णालयाच्या ओपीडीत जायचं आहे, केसपेपर काढून, ताप आल्यावर जातो तसं.

डॉक्टरांनी औषध लगेच दिलं नाही. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वात वाईट असतात, चिडचिड आणि झोपमोड तीन-चार आठवड्यांत उतरत जाते, आणि तलफेची एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते, हे त्यांनी ओंकारलाच सांगितलं, आईवडिलांकडे न बघता. त्याने फोनमध्ये स्टॉपवॉच लावायला सुरुवात केली. पहिल्या रात्रीची नोंद माझ्याकडे आहे: 4 मिनिटं 10 सेकंद, 3:40, 6:05.

अडीचच्या कडीचं काय करायचं, हे कुणालाच सुचेना. आई त्या वेळी उठून बसायला लागली, तर तो भडकला, ‘तू काय वॉचमन आहेस?’ ते तीन रात्रींत बंद पडलं. आईची झोप आधीच उडाली होती. तिला मी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 दिला, ती दोनदा बोलली, मराठीतून, भात टाकता टाकता. शेवटी झोपायच्या जागा बदलल्या: बहीण दाराशी, ओंकार आतल्या भिंतीला. यामुळे जाग यायची थांबली असं नाही, पण बाथरूमला जायचं तर दोघींना ओलांडून जावं लागे.

तिसऱ्या भेटीला वडील थेट मार्केटमधून आले होते. ‘आमच्या खानदानात कुणाला नशा ठाऊक न्हाय,’ असं म्हणत होते आणि बोलता बोलता डावा तळवा पुढे झाला, उजव्या अंगठ्याने चुना-तंबाखू मळली जात होती. दोन थापट्या. चिमूट ओठाखाली. ओंकार त्या हाताकडे बघत होता. मी काहीच बोलले नाही. तोच म्हणाला, ‘पप्पा, तेच आहे ते.’ खोलीत कुणी हललं नाही. वडिलांनी बाहेर जाऊन चूळ भरली आणि परत येऊन बसले. रात्री तीन वाजता पन्नास किलोची गोणी पाठीवर घेताना ती चिमूट काय काम करते, हे त्यांनी त्यानंतर सांगितलं. त्या महिन्यातलं सगळ्यात खरं संभाषण तेच होतं. जाताना त्यांना तंबाखू सोडण्यासाठीचा 1800-11-2356 हा क्रमांक लिहून दिला.

काय निष्पन्न झालं

ओंकारचं सोडणं तिसऱ्या प्रयत्नात टिकलं. पहिल्यांदा नऊ दिवस, दुसऱ्यांदा महिनाभर, मग मे महिन्यात गावच्या लग्नात एक घसरण, गणपतीत एक. दोन्ही वेळा त्याने मला स्वतः मेसेज केला. ऑर्डर टाकणं मात्र फेब्रुवारीनंतर पूर्ण बंद होतं. ते सोडणं त्याला निकोटिनपेक्षा जड गेलं, असं मला वाटतं. हिशेबाची वही ज्याच्याकडे असते त्याच्याभोवती पोरं जमतात. कबड्डीच्या सरांनी त्याला धाकट्या संघाचा स्कोअरर केलं, ते थोडंफार उपयोगी पडलं. गुडघा अजून दुखतो.

वडिलांनी तंबाखू सोडली नाही. घरात मळायची बंद केली. क्रमांकाची चिठ्ठी शर्टाच्या खिशात दोनदा धुतली गेली, मी तिसऱ्यांदा लिहून दिली आहे.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

वडिलांना पहिल्याच भेटीत विचारेन, तुम्ही काय घेता. मला ते तिसऱ्या भेटीत, तेही मुलाकडून कळलं.

फोन काढून घ्यायला सांगण्याआधी मुलाबरोबर बसून त्यात कोण कोण आहे ते बघेन.

आणि सगळ्यात आधी व्हिडिओकडे बघेन. पहिल्या दोन दिवसांत आम्ही सगळे मुलाच्या मागे होतो, दप्तर, घर, डॉक्टर. तेव्हा पालकांच्या ग्रुपवर शाळेने दोन ओळी टाकायला हव्या होत्या: यात एमडी नाही, मूल अल्पवयीन आहे, पुढे पाठवू नका, पाठवलं असेल तिथून काढा. मी मसुदा शनिवारीच लिहिला होता. ‘विषय वाढेल’ म्हणून तो अडून राहिला आणि मीही रेटला नाही. विषय कुणी न वाढवता वाढतच होता. सूचना नऊ दिवसांनी गेली, तोवर व्हिडिओ आमच्या हाताबाहेरच्या ग्रुपमध्ये होता. ओंकारच्या आईचे चार डबे त्या नऊ दिवसांत बंद झाले. कारण कुणीच दिलं नाही.

यंदा मार्चमध्ये, त्याची दहावीची परीक्षा चालू असताना, घणसोलीच्या एका डबेवाल्या ताईंनी आईला एक फॉरवर्ड पाठवला. त्यांना मुलगा कोण ते माहीत नव्हतं. तोच व्हिडिओ, तोच स्वेटर, वर नवी ओळ: ‘आजच सकाळी, आपल्या एरियात.’ आईने तो मला दाखवला तेव्हा खाली तिचं उत्तर आधीच गेलेलं होतं: ‘ताई हा माझा मुलगा आहे. जुनं आहे. जिथून आलं तिथं सांगा.’

समोरून दोन निळ्या टिका आणि एक जोडलेल्या हातांचं चित्र आलं होतं. ओंकार आत भूमितीचा पेपर करत बसला होता, दुसऱ्या दिवशीच्या तयारीला.